रिपोर्ट येण्याआधीच अँटिबायोटिक: गनोरियात हे बंद करायचं का?

सावधचित्त (धागालेखक)

लघवीला जळजळ होतेय, पू जातोय, एवढं ऐकलं की औषध लिहून मोकळं व्हायचं. लैंगिक संसर्गांच्या बाबतीत ही पद्धत इतकी मुरली आहे की तिच्याबद्दल कुणी ब्र काढत नाही. 'लक्षणांवरून उपचार' हे तिचं सोज्वळ नाव. चाचण्या दुर्मीळ होत्या तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेनंच ती उचलून धरली होती, आणि तेव्हा ते बरोबरही असेल. आता माझं म्हणणं एवढंच: जिथे चाचणी होऊ शकते तिथे रिपोर्ट येईपर्यंत औषध द्यायचं नाही.

गनोरियाच्या, म्हणजे अशी जळजळ आणि पू आणणाऱ्या लैंगिक संसर्गाच्या, जंतूची कुंडली बघा. सल्फा औषधं १९३०च्या दशकाच्या अखेरीस आली आणि दहा वर्षांत निकामी ठरू लागली. १९४३ पासून पेनिसिलिन. सुरुवातीला चिमूटभर डोस पुरायचा, तो १९७०च्या दशकात ४८ लाख युनिटांवर गेला, आणि १९७६ मध्ये पेनिसिलिनचाच फडशा पाडणारे जंतू ब्रिटन आणि अमेरिकेत सापडले. पुढे टेट्रासायक्लिन गेलं. सिप्रोफ्लॉक्सासिनचा अख्खा गट अमेरिकेनं २००७ मध्ये यादीतून काढला, २०१२ मध्ये सेफिक्झिमच्या गोळीला पहिल्या पसंतीवरून खाली उतरवलं. उरलं एक इंजेक्शन, सेफ्ट्रिॲक्झोन. त्याला दाद न देणारा जंतूही २००९ मध्ये क्योटोत मिळालाच. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या एका रुग्णाच्या घशातून जंतू नेहमीच्या उपचारांनी जाईना, शेवटी शिरेतून अर्टापेनेम द्यावं लागलं. ते औषध गंभीर आजारांसाठी राखून ठेवलेलं असतं.

सगळी भिस्त एका इंजेक्शनवर, आणि तेही आपण अंदाजपंचे टोचतोय. त्यात आता संबंधांनंतर खबरदारी म्हणून डॉक्सिसायक्लिन घ्यायची टूम निघाली आहे. आजार नाही, जंतू सापडलेला नाही, तरी अँटिबायोटिक! हे कुणाला पटतं, त्यानं समजावून सांगावं.

रात्रपाळी

साफ असहमत. मी लैंगिक आजारांच्या ओपीडीत बसते म्हणून सांगते.

'थांबा' म्हणणं सोपं आहे. समोरचा माणूस नाव सांगताना अडखळतो, फोन नंबरातला एखादा आकडा मुद्दाम बदलून देतो, सोबत कुणी आलंय का विचारलं की दाराकडे बघतो. त्याला 'रिपोर्ट दोन दिवसांनी' म्हटलं की मान डोलावतो आणि जातो. तो परत येत नाही. मग ते दोन दिवस त्याचे राहत नाहीत, त्याच्या जोडीदाराचे होतात. समोर बसवून टोचलेल्या एका इंजेक्शनचं मोल इथे कळतं: डोस पूर्ण, अर्धवट सोडायला जागाच नाही.

बायकांचं आणखी अवघड. गनोरिया असूनही अनेकींना काहीच जाणवत नाही, आणि जंतू वर गर्भनलिकांपर्यंत गेला की पुढे ओटीपोटाची दुखणी, वंध्यत्व, नलिकेतच राहिलेला गर्भ. पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीवर मात्र नुसत्या लक्षणांवरून केलेला अंदाज फार फसतो, बहुतेक वेळा कारण भलतंच निघतं. तिथे तुमचं म्हणणं रास्त आहे. पण पू येणाऱ्या पुरुषाला दोन दिवस ताटकळत ठेवण्यात काय शहाणपण?

आणि एक विचारते. सिफिलिस या दुसऱ्या लैंगिक आजाराच्या जंतूला नेहमीच्या तपासण्यांत प्लेटवर वाढवताच येत नाही. कुठलं औषध चालेल याची चाचणी न करताच आपण त्याला १९४३ पासून पेनिसिलिन देतोय. ऐंशी वर्षं! तो अजूनही पेनिसिलिनपुढे मान टाकतो. अंदाजानं दिलेल्या औषधामुळेच सगळं बिघडत असतं तर हे कसं झालं?

सावधचित्त

सिफिलिसचं उदाहरण सोयीचं आहे. ॲझिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकला त्याच सिफिलिसच्या जंतूनं बऱ्याच ठिकाणी केव्हाच धूप घालणं बंद केलंय. पेनिसिलिन टिकलं, म्हणून बाकीची उधळायची?

पेट्रीडिश

तुम्ही दोघंही 'रिपोर्ट' म्हणताय, पण कुठला? भांडण अर्धं तिथेच आहे.

हल्ली जो पटकन येतो तो जनुकीय चाचणीचा रिपोर्ट. जंतू आहे की नाही, इतकंच तो सांगतो. कुठलं औषध लागू पडेल याबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे सावधचित्त यांच्या म्हणण्याप्रमाणे थांबलो, रिपोर्ट आला, 'गनोरिया आहे', तरी द्यायचं तेच इंजेक्शन. नसलेल्या माणसाचं औषध वाचलं, हा फायदा खरा. पण औषधाला दाद न देणारा जंतू त्या कागदावरून ओळखता येत नाही.

त्यासाठी कल्चर लावावं लागतं, म्हणजे जंतू प्लेटवर वाढवावा लागतो, आणि त्यासाठी तो जिवंत हातात यायला हवा. आणि हा भलताच नाजूक. कापसाच्या बोळ्यावर मरतो, वाळला की मरतो. चांगल्या हेतूनं कुणीतरी नमुना फ्रीजमध्ये ठेवतं आणि तिथे तर हमखास मरतो. त्याला वाढायला चॉकलेट अगार लागतं (चॉकलेटचा संबंध नाही, तापवून तपकिरी झालेलं रक्त असतं ते), ३५-३७ अंश ऊब लागते, हवेत जादा कार्बन डायऑक्साइड लागतो. मी शिकलो तेव्हा प्लेटा काचेच्या बरणीत रचून आत मेणबत्ती पेटवायचो आणि झाकण घट्ट लावायचो. मेणबत्ती विझली की वायू हवा तेवढा झाला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करड्या, चमकदार, टाचणीच्या डोक्याएवढ्या वसाहती. अशा प्लेटा लावणाऱ्या प्रयोगशाळा कमी होत चालल्यात, कारण यंत्राची चाचणी सोपी. निदान सुधारलं आणि जंतू कुठल्या औषधाला वाकतोय हे दिसणं मात्र कमी झालं.

रात्रपाळी यांच्या सिफिलिसच्या प्रश्नाचं उत्तर, किंवा निदान त्याचा मोठा भाग, घशात आहे. गनोरियाचा जंतू आजूबाजूला मेलेल्या जंतूंचा डीएनए उचलून स्वतःत बसवतो. हा त्याचा जन्मजात गुण. आपल्या घशात त्याचे निरुपद्रवी भाऊबंद कायम मुक्कामाला असतात. सर्दी-खोकल्यासाठी, दातासाठी, कशासाठीही घेतलेलं प्रत्येक अँटिबायोटिक त्यांच्यावरून जातं. ते हळूहळू निर्ढावतात. मग कधीतरी गनोरिया घशात येतो, तिथे बहुधा लक्षणंही नसतात, औषधही नीट पोचत नाही, आणि तो या भाऊबंदांकडून तयार तुकडे घेऊन जातो. सेफ्ट्रिॲक्झोनला न जुमानणाऱ्या प्रकारांतलं मुख्य जनुक असंच ठिगळं जोडून झालेलं आहे. सिफिलिसच्या जंतूची अशी देवाणघेवाण दिसत नाही.

तेव्हा ओपीडीतलं एक इंजेक्शन रोखून किती साधेल, याची मला शंका आहे. साध्या विषाणूच्या सर्दीला दिलेलं ॲझिथ्रोमायसिन याच धाग्याचा विषय आहे, फक्त त्याला कुणी लैंगिक आजार म्हणत नाही.

संयमी

एवढा काथ्याकूट कशाला? एकनिष्ठ राहा, कंडोम वापरा. औषधाची वेळच येणार नाही.

ओळखीचा_अनोळखी

@संयमी, कंडोमचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण घशाचा संसर्ग ज्या मार्गानं होतो तिथे कंडोम किती जण वापरतात, ते स्वतःला विचारा. आणि एकनिष्ठ माणसाचा जोडीदार एकनिष्ठ असतोच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०२० मध्ये गनोरियाचे नवे संसर्ग ८ कोटी २० लाख होते. एवढ्या माणसांना नीतीचे धडे देऊन फरक पडला असता तर तो शतकांपूर्वीच पडला असता. धडे ऐकून माणूस सुधारत नाही, डॉक्टरांशी खोटं बोलायला शिकतो.

आता डॉक्सिसायक्लिन. 'टूम' हा शब्द खटकला. सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटलमधल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. समलिंगी पुरुष आणि ट्रान्स स्त्रियांमध्ये, संबंधांनंतर ७२ तासांच्या आत २०० मिलिग्रॅम घेतल्यानं क्लॅमिडिया (हाही जंतूमुळे होणारा लैंगिक संसर्ग), सिफिलिस आणि गनोरिया मिळून जवळपास दोन तृतीयांशानं घटले. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं त्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. हे मी डॉक्टरांच्या सल्ल्यानं घेतो, दर तीन महिन्यांनी तपासणी करतो. मुरुमांसाठी पोरंपोरी हीच गोळी महिनोन्‌महिने रोज घेतात. त्यावर धागा निघालेला मला तरी आठवत नाही. मग आक्षेप गोळीला आहे की ती कशासाठी घेतली याला?

सावधचित्त

आक्षेप गोळीलाच आहे, आणि मुरुमांसाठी महिनोन्‌महिने देण्यालाही आहे. त्यावर वेगळा धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा.

तुमच्या आकड्यांतली एक मेख: तिन्ही आजार मिळून घट मोठी दिसते, पण खरी कमाई सिफिलिस आणि क्लॅमिडियात आहे. फ्रान्समधल्या चाचणीत गनोरियावरचा परिणाम बराच तोकडा निघाला, कारण डॉक्सिसायक्लिन टेट्रासायक्लिनच्याच गटातलं, आणि त्या गटाला न जुमानणारा गनोरिया तिथे आधीच मुबलक. म्हणजे गोळीनं साधे जंतू मरायचे आणि मैदान निगरगट्टांना मोकळं. केनियातल्या तरुणींच्या चाचणीत तर फायदा दिसलाच नाही.

रात्रपाळी

केनियाचं अर्धंच सांगितलंत. तिथे काही जणींच्या केसांचे नमुने तपासले तेव्हा बहुतेक नमुन्यांत औषधाचा मागमूस नव्हता. गोळी घेतलीच गेली नाही, तर ती चालत नाही असं कसं म्हणायचं? त्या का घेऊ शकल्या नाहीत, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली मिळणार नाही.

गर्भवतीचा सिफिलिस बाळाला जातो. मेलेली बाळं जन्माला येतात. ज्या गोळीनं सिफिलिस इतका घटतो, ती गनोरियासाठी कुचकामी आहे म्हणून फेटाळणं मला जमणार नाही. पण सरसकट वाटायलाही माझा विरोध आहे. वारंवार सिफिलिस होणाऱ्याला द्यावी, वर्षातून एकदा धास्तावून येणाऱ्याला नको.

उलटतपासणी

सगळे तपासण्या वाढवायला निघालेत, म्हणून मी उलटं बोलतो. लक्षणं नसलेल्या माणसाला दर तीन महिन्यांनी तपासायचं, सापडलं की औषध द्यायचं, यानं त्या गटातला अँटिबायोटिकचा खप प्रचंड वाढतो. शरीर स्वतःहून घालवतं असे कित्येक संसर्ग, विशेषतः घशातले, आपण शोधून शोधून मारतो. बेल्जियममधल्या काही संशोधकांनी हा प्रश्न उघडपणे मांडलाय आणि त्यावर चाचणीही केलीय: तपासणी बंद केलेल्या गटात संसर्ग थोडे वाढले, औषधांचा वापर मात्र घटला. ओळखीचा_अनोळखी यांची तिमाही तपासणीच कदाचित औषधं जाळतेय.

ओळखीचा_अनोळखी

@उलटतपासणी, म्हणजे एचआयव्ही आणि सिफिलिसही तपासायचे नाहीत?

उलटतपासणी

ते तपासायचेच. मी फक्त पुरुषांमधल्या, लक्षणं नसलेल्या गनोरिया-क्लॅमिडियाबद्दल बोलतोय. गर्भाशय असलेल्या व्यक्तींचं गणित वेगळं, त्यांना नुकसान कायमचं होतं.

पेट्रीडिश

ॲझिथ्रोमायसिनची आणखी एक गोष्ट सांगतो, ती इथे कुणीच काढली नाही. सेफ्ट्रिॲक्झोन टिकावं म्हणून २०१०च्या दशकात त्याच्या जोडीला एक ग्रॅम ॲझिथ्रोमायसिन द्यायचा प्रघात पडला. कागदावर तर्क बिनतोड होता. पण मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम नावाचा एक जंतू त्याच जागी गुपचूप राहतो. त्याला पेशीभित्तिका नसल्यानं पेनिसिलिन-सेफ्ट्रिॲक्झोन त्याच्यावर चालतच नाहीत, आणि एक ग्रॅमच्या एका डोसानं तो मरत नाही, तरबेज होतो. आज कित्येक ठिकाणी त्यातले निम्म्याहून जास्त ॲझिथ्रोमायसिनला बधत नाहीत. अमेरिकेनं २०२० मध्ये ती जोडी मोडली आणि सेफ्ट्रिॲक्झोन एकट्यानं, दुप्पट म्हणजे ५०० मिलिग्रॅम केलं. एकाला वाचवताना दुसऱ्याला शिकवून ठेवलं.

सावधचित्त यांना हवा तसा रिपोर्ट अगदीच नाही असं नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनविरुद्धची ताकद बहुतांशी जायरेज नावाच्या एन्झाइमच्या जनुकातल्या एका ठरावीक जागेवर असते. तिथे बदल नसेल तर ती जुनी, टाकून दिलेली गोळी पुन्हा चालते आणि सेफ्ट्रिॲक्झोन शिल्लक राहतं. हे सांगणाऱ्या चाचण्या निघाल्या आहेत. त्या तासाभरात, ओपीडीतच होऊ लागल्या तर रात्रपाळी यांचा माणूस दाराबाहेर जायच्या आत काम होईल.

सावधचित्त

मला नेमका हाच रिपोर्ट हवा आहे! तोवर मात्र अंदाजाला माझा विरोध कायम. जागतिक आरोग्य संघटनेच्या देखरेखीतल्या देशांत सेफ्ट्रिॲक्झोनला न जुमानणाऱ्या गनोरियाचं प्रमाण २०२२ ते २०२४ मध्ये ०.८ वरून ५ टक्क्यांवर गेलंय. झोलिफ्लोडासिन आणि जेपोटिडासिन ही नवी औषधं तिसऱ्या टप्प्यातल्या चाचण्यांत यशस्वी ठरली, ठीक. पण ती नव्या सवयीशिवाय वापरात आली तर तीही निकामी औषधांच्या रांगेत जातील.

रात्रपाळी

आणि ती आली की तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवायला सांगाल. ज्याला जुनं लागू पडत नाही त्याला नवं मिळेल कसं, तेवढं ठरवून ठेवा म्हणजे झालं.

नवा_सदस्य

मधेच विचारतो, माफ करा. इंजेक्शन होऊन आठवडा झाला, त्रास पूर्ण गेला. घशातही होतं म्हणून पुन्हा तपासायला बोलावलंय. बरं वाटत असताना जायलाच हवं का?

पेट्रीडिश

हो. घशाचं असेल तर ७ ते १४ दिवसांत पुन्हा तपासतात. फार लवकर केली तर मेलेल्या जंतूंचा डीएनए सापडून उगाच घाबरायला होतं, म्हणून ती मुदत. पॉझिटिव्ह आलं तर कल्चर लावायला सांगा आणि नमुना फ्रीजमध्ये ठेवू देऊ नका.

रात्रपाळी

जोडीदाराचे उपचार झालेत का, तेही आजच विचारा. दोघांचे उपचार होऊन सात दिवस उलटेपर्यंत संबंध नकोत. आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा एकदा तपासणी, कारण 'औषध चाललं नाही' म्हणून येणाऱ्यांत पुष्कळांना जोडीदाराकडून नव्यानं झालेला असतो.