अबिरॅटेरोन लागू पडेनासं झालं, जीन टेस्ट करावी का?

सुरसागरकाठचा
बाबा ७४, आम्ही बडोद्यात दांडिया बाजारला. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पोचलाय. दीड वर्ष अबिरॅटेरोन चालू आहे: पहाटे उपाशीपोटी चार गोळ्या, मग तासभर चहा बंद, त्यावरून रोज कटकट. पीएसए (रक्तातला प्रोस्टेटचा आकडा) ०.४ पर्यंत उतरला होता. मग १.९, ५.२, परवा ११. डॉक्टर म्हणतात एन्झालुटामाइड देऊन बघू, हवी तर आधी जीन टेस्ट करा. रिपोर्टमुळे औषध बदलणार असेल तरच खर्चात पडायचं. बदलतं का?

ब्लॉकवाली
दादा, पॅथॉलॉजीत आयुष्य गेलं, म्हणून लांबण लावते. एन्झालुटामाइड चालेल का, हे एआर-व्ही७ वरून कळू शकतं. एआर-व्ही७ म्हणजे कॅन्सरपेशीतला, पुरुषी हार्मोन पकडणारा पण शेपूट तुटलेला रिसेप्टर. एन्झालुटामाइड त्या शेपटालाच चिकटतं. अबिरॅटेरोन हार्मोन बनू देत नाही, पण याला हार्मोन लागतोच कुठे? २०१४ च्या अभ्यासात ६२ पैकी १८ जणांत हे सापडलं. या दोनपैकी एक औषध घेऊनही त्यांतल्या एकाचाही पीएसए निम्म्यावर आला नाही. डोसिटॅक्सेल ही केमो मात्र अशांनाही लागू पडू शकते.

तरी मला विचाराल तर पैसे बीआरसीए२ वर घाला, ते डीएनए दुरुस्त करणारं जीन. ते बिघडलेलं निघालं तर ओलापॅरिब हे औषध आहे. बायोप्सीचा तुकडा ज्यात जपतात तो मेणाचा ब्लॉक मागवा. फार जुना असेल तर डीएनए तुटलेला असतो, मग रक्तातून करा. पण रक्त नवीन औषधाआधी, पीएसए चढता असताना द्या. उतरल्यावर त्यात गाठीचा डीएनए नावालाच मिळतो.

मांजलपूरकर
आमच्या काकांचा पीएसए २ च्या आतच, सगळे निर्धास्त. सोनोग्राफीत यकृतात गाठी! पुन्हा बायोप्सी केली तर न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे पीएसए फारसा न बनवणारा प्रकार. नुसत्या आकड्यावर विसंबू नका.

ब्लॉकवाली
खरंय. आरबी१ आणि टीपी५३ ही कॅन्सर रोखणारी दोन्ही जीन्स गेलेली दिसली की आम्हीही त्या दिशेने बघतो.

सुरसागरकाठचा
ब्लॉक मिळाला, २०१९ चा. लॅबवाला पावतीशिवाय देईना. पावती आईच्या डब्यात, रेशनकार्डाच्या घडीत होती! एवढीशी प्लास्टिकची चकती, त्यावर नखाएवढं मेण. रक्तही दिलं. ताई, बीआरसीए२ जन्मजात निघाला तर बहिणीलाही तपासावं लागेल ना? तिला दोन मुली आहेत. अजून काही बोललो नाहीये.

ब्लॉकवाली
हो, स्तनाच्या नि अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. पण रिपोर्ट हातात येईपर्यंत फोन नको. आला की तिला समोर बसवून सांगा.