मदत हवी आहे: ९ वर्षांचा मुलगा हलायलाच तयार नाही

मुलगा चौथीत. शाळेतून आला की दप्तर सोफ्यावर आणि शेजारी हा आडवा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगते. आमची गाडी पंधराच्या पुढे जात नाही, त्यातही स्कूलव्हॅन गाठायची धावपळ धरून!

क्रिकेटचा क्लास लावला, तीन आठवड्यांत बंद (सर ओरडतात). ‘खेळलास तर मोबाईल’ करून पाहिलं. खेळ दहा मिनिटं, मोबाईल तासभर. मागच्या रविवारी "जा, खाली खेळ" म्हटलं तर म्हणाला, "बाबा, तुम्ही कुठे खेळता?" मी लोडाला टेकून मॅच बघत होतो. काय बोलणार!

एकदाच पर्वतीला सोबत नेलं, तेव्हा मात्र पायऱ्या मोजत माझ्या पुढे पळाला.

आम्ही दोघंही साडेसातला घरी पोचतो. सोसायटीत मोकळी जागा म्हणजे पार्किंग. माझा गुडघा दुखरा, पळणं जमत नाही. मुलाला डॉक्टरांना दाखवलंय, काही त्रास नाही. कृपया क्लास सुचवू नका.

रात्री जेवणाआधी अर्धा तास, मला झेपेल आणि त्याला दम लागेल असं तुमच्या घरी नेमकं काय टिकलं? आणि आठवड्याभरात उत्साह ओसरला तेव्हा काय केलंत?