शब्दचर्चा: ‘वुडी ऊद’ला मराठीत काय म्हणावं, आणि तो कुणाला शोभतो?

नाशिकला माझं फ्लेक्स आणि पत्रिका छपाईचं काम आहे. दिवसभर मराठी मजकूर जुळवणं हाच धंदा. परवा कॉलेज रोडवरच्या एका अत्तराच्या दुकानातून मजकूर आला: ‘वुडी ऊद, कॉन्फिडंट पर्सनॅलिटीसाठी. मराठीत करून द्या.’ पहिल्या प्रूफला मी ‘लाकडी ऊद, रुबाबदार व्यक्तिमत्त्वासाठी’ असं टाकलं, आणि तेव्हापासून दोन्ही शब्द खटकताहेत.

लाकडी म्हटलं की वस्तू डोळ्यांपुढे येते. लाकडी पाट, लाकडी घाणा. वासाला तो शब्द लागत नाही. ‘काष्ठगंधी’ अर्थाने बरोबर आहे, पण रस्त्यावरून जाताना तो कोण वाचणार?

दुसरी अडचण ‘ऊद’चीच. आईला बाटली हुंगायला दिली तर ती म्हणाली, “हा कुठला ऊद? ऊद तर माझ्या डब्यात आहे.” तिच्या डब्यात डिंकासारखे पिवळट-तपकिरी खडे असतात. गुरुवारी तिन्हीसांजेला ती धुपाटण्यात निखारा घेते, दोन खडे टाकते. खडा आधी फुगतो, मग वितळतो, आणि पांढरा धूर घरभर फिरतो. बाटलीतला वास त्याच्या जवळपासही नाही. मग खरा ऊद कोणता? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

दोन्ही खरे. अरबीत ‘ऊद’ म्हणजे मुळात लाकूड, काठी. तिकडच्या तंतुवाद्यालाही ऊदच म्हणतात. सुगंधासाठी जाळायच्या लाकडाला हा शब्द चिकटला तो तिकडेच. मराठीत मात्र तो जाळायच्या राळेला, म्हणजे लोबानाला लागला. तुमच्या आईच्या डब्यातला ऊद हा. उदबत्तीत आपला ऊद आहे, आणि अगरबत्तीतला ‘अगर’ म्हणजे अरबांचा ऊद. (वणीच्या गडावरचा ‘उदो उदो’ यातला नाही. तो ‘उदय’वरून.)

तेव्हा ‘वुडी ऊद’ म्हणजे ‘लाकडी लाकूड’ झालं. वुडीचं भाषांतर करूच नका. नुसतं ‘ऊद’ पुरे.

प्रतिसाद

नोकरीनिमित्त काही वर्षं आसामात काढली, म्हणून लिहितो. तिथे अगराच्या झाडाला सांची म्हणतात. त्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत, त्यांना ‘सांचीपात’ म्हणतात. धडधाकट झाड फोडलं तर आतून पांढुरकं, हलकं, बिनवासाचं लाकूड निघतं. अत्तरवाल्याला त्याचा काही उपयोग नाही. पण खोडाला अळीनं पोखरलं, त्या जखमेत बुरशी शिरली, की झाड जखमेभोवती काळपट राळ साठवायला लागतं. तेवढा काळा भाग म्हणजे अगर. एका कारागिराजवळ तासभर बसून मी पाहिलंय. छोट्या छिन्नीनं तो पांढरं लाकूड कणाकणानं तासत होता, काळ्याला धक्का न लावता. शेवटी हातात उरला अंगठ्याएवढा तुकडा. राळेनं भरलेलं अगर पाण्यात बुडतं. चिनी भाषेत तर त्याचं नावच ‘बुडणारा सुगंध’ असं आहे.

आता अमरकोश उघडा. अगराची नावं दिलीत: अगुरू, राजार्ह, लोह, कृमिज. ‘राजार्ह’, म्हणजे राजाला साजेल असं, यात तुमचा ‘रुबाबदार’ आला. पण ‘कृमिज’ पाहा! किड्यापासून जन्मलेलं. झाडाच्या पोटात काय घडतं ते आपल्या लोकांना तेव्हाही ठाऊक होतं, हे वाचून मी अक्षरशः थरारलो होतो. ‘अगुरू’ फोडला तर ‘जड नसलेलं’ असा अर्थ दिसतो आणि ‘लोह’ म्हणजे लोखंड. मला वाटतं, एक नाव निरोगी लाकडाला शोभतं, दुसरं राळ भरलेल्या.

या राळेपायी जंगलातली झाडं इतकी तुटली, की १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारासाठीच्या कराराचं नियंत्रण आहे. स्वस्त बाटलीतला ऊद बहुतेक वेळा प्रयोगशाळेत जुळवलेला असतो, हेही दुकानदाराला विचारून घ्या.

राहिलं व्यक्तिमत्त्व. रुबाब कपड्यांनी एका दिवसात येतो, तो इथे नको. ‘भारदस्त’ जवळचा, पण त्यात आवाज आणि देहयष्टी जास्त येते. मी ‘मुरलेला’ म्हणेन. लोणचं मुरतं, गवई मुरतो. ज्यानं काही सोसलंय आणि ते पोटात ठेवून जो गोड झालाय, त्याला हा वास शोभतो.

प्रतिसाद

दादा, ‘मुरलेला’ जपून वापरा. मुरलेला राजकारणी म्हटलं की धूर्तपणा येतो. माणसाला ‘धीराचा’ म्हणा आणि मुरलेलं अत्तराला राहू द्या.

एक भर घालते. मराठीत वासाचे शब्द स्वभावालाही लागतात: उग्र, मंद. ‘दर्प’ तर एकाच वेळी गर्व आणि नकोसा वास. ऊद एक थेंब लावला तर दरवळ, चार लावले तर दर्प, आणि तेव्हा दोन्ही अर्थ खरे होतात. गिऱ्हाइकाला हे सांगायलाच हवं.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुकानात जाऊन अस्सल आसामी तेलाचा फाया कानात ठेवला. पहिला अर्धा तास गोठ्यात उभा असल्यासारखं वाटलं, ओलं चामडं आणि शेण. भद्रकालीपर्यंत चालत आलो तोवर उग्रपणा ओसरला होता. रात्री जेवायला बसलो तेव्हा आई म्हणाली, “आता कसा देवघरासारखा वास येतोय.”

दुकानदाराला मजकूर पटला: ‘ऊद. मुरलेलं अत्तर, धीराच्या माणसासाठी.’ त्यानं एवढंच विचारलं, की उदबत्तीत पहिला उ ऱ्हस्व, मग पाटीवर दीर्घ का? सुटा शब्द ‘ऊद’ दीर्घच, बत्ती जोडली की ऱ्हस्व होतो, जसं फूल आणि फुलबाजी. पाटी आज छपाईला गेली.