व्हर्न वाचताना नकाशा कुठे उघडलात?

परवा पुस्तकं आवरताना शाळेतला जुना नकाशासंग्रह हाती लागला. दक्षिण पॅसिफिकच्या पानावर, जिथे निळ्या रंगाशिवाय काहीच छापलेलं नाही अशा जागी, पेन्सिलीने मारलेली एक फुली. शेजारी माझंच वेडंवाकडं अक्षर: ‘लिंकन बेट’. ३४ अंश ५७ मिनिटं दक्षिण, १५० अंश ३० मिनिटं पश्चिम. तिथे बेट नाही, कधी नव्हतंही. पण अकराव्या वर्षी मी पट्टी लावून ते बसवलं होतं, कारण ‘रहस्यमय बेट’मध्ये ज्यूल व्हर्नने त्याचे अक्षांश-रेखांश दिले होते आणि त्याच्यावर आपला पूर्ण विश्वास!

हा धागा त्या फुलीसाठी. १८६३ मध्ये फुग्यातून आफ्रिका ओलांडणाऱ्या तिघांपासून व्हर्नने सुरुवात केली आणि १९०५ मध्ये जाईपर्यंत तो लिहीतच राहिला. पन्नासहून जास्त कादंबऱ्या, सगळ्या मिळून ‘असाधारण सफरी’ ही एकच माळ. आपल्यातल्या बऱ्याच जणांना त्या भा. रा. भागवतांनी मराठीत आणल्या म्हणून भेटल्या, काहींना इंग्रजीतून. तुमचं पान कोणतं? वाचता वाचता कुठे थांबून नकाशा, वही, कॅल्क्युलेटर काहीतरी ओढलंत? ‘फार आवडतो’ एवढंच लिहून पळू नका, प्रसंग सांगा.

*

माझं पान ‘कॅप्टन ग्रँटची मुलं’मधलं. शार्कच्या पोटात बाटली सापडते, बाटलीत तीन भाषांतले तीन कागद, तिन्ही पाण्याने खाल्लेले. अक्षांश शाबूत, ३७ अंश ११ मिनिटं दक्षिण. रेखांश गायब. मग काय, ३७ च्या रेषेवरून अख्ख्या पृथ्वीला प्रदक्षिणा! मी नकाशावर त्या रेषेला दोरा चिकटवला होता. पॅटागोनिया झालं, ऑस्ट्रेलिया झाली, न्यूझीलंड झालं.

पण जीव जडला तो पागानेलवर. हा महाविद्वान भूगोलतज्ज्ञ प्रवासात स्पॅनिश शिकतो, रात्रंदिवस घोकतो आणि पहिला स्थानिक माणूस भेटल्यावर ऐटीत बोलायला जातो. समोरच्याला ओ की ठो कळत नाही. नंतर उलगडा होतो की त्याने घोकलं ते पुस्तक पोर्तुगीज कवीचं होतं, म्हणजे गडी इतके दिवस पोर्तुगीज शिकत होता! मी पुढे दोन परक्या भाषा शिकले. दोन्ही वेळा पहिल्या दिवशी पुस्तकाचं मुखपृष्ठ दोनदा तपासलं.

*

वरच्या ताईंना पुरवणी. ग्रँट शेवटी ज्या टेबर बेटावर सापडतो, ते मी मोठेपणी शोधायला गेलो. व्हर्नने ते सगळंच मनाने रचलेलं नाही. मारिया थेरेसा नावाच्या जहाजावरून १८४३ मध्ये तिथे खडक दिसल्याची नोंद झाली आणि तो खडक पुढे कैक वर्षं नकाशांत छापला जात होता. नंतर शोधायला गेलेल्यांना तिथे फक्त पाणी मिळालं. म्हणजे धागाकर्त्याच्या फुलीसारख्या फुल्या खऱ्या नकाशेवाल्यांनीही मारल्यात. वाईट वाटून घेऊ नका.

*

गव्हाचा दाणा! अजून कुणीच कसं लिहिलं नाही?

‘रहस्यमय बेट’मध्ये पाच माणसं आणि एक कुत्रा फुग्यातून बेटावर आदळतात. अंगावरच्या कपड्यांपलीकडे जवळपास काही नाही. एक दिवस पोरगेल्या हर्बर्टला जाकिटाच्या अस्तरात अडकलेला गव्हाचा दाणा सापडतो. एकच. खलाशी पेनक्रॉफ्ट त्याची थट्टा करतो. इंजिनिअर सायरस स्मिथ मात्र शांतपणे हिशेब मांडतो: एका दाण्याला १० कणसं, कणसात ८० दाणे, म्हणजे पहिल्या पिकाला ८००. ते सगळे पेरले की ६ लाख ४० हजार. तिसऱ्या पिकाला ५१ कोटी २० लाख.

मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर पाचव्या पिकापर्यंत गेलो होतो. शून्यं मावेनात म्हणून वही आडवी धरली. सरांनी पान पाहिलं, रागावले नाहीत, फक्त म्हणाले, “उंदीर धरलेस का हिशेबात?” व्हर्नच्या पुस्तकात उंदीर नसले तरी पक्षी आहेत, त्या एका रोपावर पेनक्रॉफ्ट पहारा करतो. सरांनी वाचलं होतं की काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

*

दाणा ठीक, पण दोन घड्याळांच्या काचा विसरलात. दोन्ही जोडून कडा चिखलाने बंद, मध्ये पाणी, झालं भिंग, उन्हात धरून विस्तव. मी आजोबांच्या घड्याळावर प्रयोग केला. विस्तव सोडून बाकी सगळं पेटलं.

*

मी मालवाहू जहाजावर नोकरी करतो, म्हणून माझं पान अर्थातच ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’मधल्या, तशी पैज लावून लंडनहून निघालेल्या फॉगचं. पॅसिफिकमध्ये पूर्वेकडे जाताना तारखेची रेषा ओलांडली की जहाजावर मंगळवारनंतर पुन्हा मंगळवार येतो. माझ्या पहिल्या सफरीत हे झालं तेव्हा मेसमध्ये सगळे निवांत जेवत होते आणि मी एकटाच येडपटासारखा हसत होतो. दर अंशाला ४ मिनिटं, ३६० अंशांचे १४४० मिनिटं, म्हणजे नेमका एक दिवस. लहानपणी हे तोंडपाठ होतं, पण समजलं त्या दुसऱ्या मंगळवारी. फॉगने ८० वेळा सूर्य माथ्यावर येताना पाहिला आणि लंडनमध्ये बसलेल्या त्याच्या मित्रांनी ७९ वेळा. सगळी कादंबरी या एका दिवसाच्या फरकावर तोललेली आहे आणि तो शेवटच्या दोन-तीन प्रकरणांपर्यंत लपवून ठेवलाय.

*

मंगळवार छान, पण एक खुसपट काढतोच. फॉग सॅन फ्रान्सिस्कोत उतरतो, आगगाडीने अमेरिका पार करतो, न्यूयॉर्कला जहाज चुकवतो. एवढ्या वाटेत एकही वर्तमानपत्र त्याच्या नजरेला पडलं नाही? तिथली तारीख तर एक दिवस मागची असणार! आणि हा माणूस लंडनला दिवसभर पेपर वाचण्यापलीकडे काही करत नसे. व्हर्न इथे आपल्या डोळ्यांत धूळ फेकतो. तरी मी ते पुस्तक सहा वेळा वाचलंय.

*

मला नेमोबद्दल, व्हर्नच्या त्या पाणबुडीच्या कप्तानाबद्दल लिहायचंय आणि जरा लांबेल.

‘समुद्राखाली वीस हजार लीग’ मी नववीत वाचलं. (लीग म्हणजे खोली नव्हे हो, कापलेलं अंतर. सुमारे ८० हजार किलोमीटर, पृथ्वीभोवती दोन फेऱ्या. मीही बरीच वर्षं खोलीच समजत होते.) त्यात सिलोनजवळच्या मोत्यांच्या खाडीतला प्रसंग आहे. एक गरीब पाणबुड्या दगडाच्या भाराने तळाशी जातो, शिंपले गोळा करतो, वर येतो, पुन्हा बुडी. शार्क येतो. आणि जगाशी नातं तोडलेला, कुणाचंच देणं न लागणारा हा नेमो खंजीर घेऊन त्या माशाच्या अंगावर जातो. मग बेशुद्ध पाणबुड्याला वर आणून त्याच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवतो. नंतर गोष्ट सांगणारा प्राध्यापक अ‍ॅरोनाक्स विचारतो तेव्हा तो सांगतो की हा माणूस दडपलेल्या देशातला आहे आणि मी अजूनही, शेवटच्या श्वासापर्यंत, त्या देशाचाच आहे.

मी नववीत हे वाक्य सरळ ओलांडून पुढे गेले. मला वाटलं, थोर माणूस आहे, गरिबांची बाजू घेतोय. कॉलेजात ‘रहस्यमय बेट’ वाचलं आणि शेवटाकडे पांढऱ्या दाढीचा नेमो आपलं नाव सांगतो: राजपुत्र डक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा, टिपू सुलतानाचा भाचा, १८५७ मध्ये लढलेला, बायको-मुलं गमावलेला. मी पुस्तक पालथं ठेवलं आणि उठून आधीचं पुस्तक काढलं. तोच पाणबुडा, तेच वाक्य. इतकी वर्षं ते शब्दशः खरं होतं आणि मी वाचूनही वाचलं नव्हतं.

गंमत अशी की व्हर्नच्या मनात आधी नेमो पोलिश होता, रशियाने घरदार नष्ट केलेला. प्रकाशक एत्झेलला रशियातल्या खपाची काळजी, त्याने नकार दिला. म्हणून पहिल्या पुस्तकात नेमो बिनदेशाचा राहिला आणि पुढच्यात आपल्याकडे आला. दोन्ही पुस्तकांतल्या तिथ्या जुळत नाहीत, अजिबातच नाहीत. मला फरक पडत नाही.

*

नेमोवाल्या ताईंनी कोणता इंग्रजी अनुवाद वाचला ते सांगावं. १८७५ च्या सुमाराचा जो किंग्स्टनच्या नावचा अनुवाद वर्षानुवर्षं छापला गेला, त्यात सायरस स्मिथचा सायरस हार्डिंग झालाय आणि नेमोचं इंग्रजांविरुद्धचं म्हणणं पार बदलून टाकलंय. मी आधी तो वाचला होता. त्यातला नेमो पश्चात्ताप झालेला वाटतो. मग नवा अनुवाद मिळाला आणि कळलं की मधल्या माणसाने परस्पर माफीनामा लिहून दिला होता. ‘पृथ्वीच्या पोटात’चंही तेच, जुन्या इंग्रजी प्रतीत प्राध्यापक लिडेनब्रॉकचा हार्डविग आणि त्याच्या पुतण्याचा, अ‍ॅक्सेलचा हॅरी. माझा मित्र आणि मी एकाच पुस्तकावर तासभर भांडलो, वेगवेगळी नावं घेऊन.

*

नेमोचं कौतुक चाललंय तर दुसरी बाजूही येऊ द्या. याच व्हर्नने १८८० मध्ये ‘वाफेवरचं घर’ लिहिलं. वाफेवर चालणारा पोलादी हत्ती, मागे चाकांवरची दोन घरं, त्यात बसून इंग्रज मंडळी हिंदुस्थान फिरतात. हत्ती झकास. पण त्यात खलनायक आहे नानासाहेब पेशवे. ५७ च्या बंडातून नेमो घडवणारा हात तोच आणि नानासाहेबांना असं रंगवणारा हातही तोच. मला ते पुस्तक पुरं करायला तीन वेळा बसावं लागलं. तिसऱ्यांदा केवळ हत्तीसाठी वाचलं, हे कबूल.

*

माशांच्या याद्या कोण वाचतं? खरं सांगा. ‘वीस हजार लीग’मध्ये अ‍ॅरोनाक्सच्या नोकराने, कॉन्सेलने वर्ग, उपवर्ग, गण, कुल सुरू केलं की मी चार पानं उलटते. त्यातल्या हार्पूनवाल्या नेड लँडसारखं दोनच प्रकार मानते: खाता येणारे आणि न येणारे.

*

मी वाचतो याद्या. मजा आहे त्यात. (मत्स्यशास्त्रात एम.एस्सी. केलं, त्याला याद्याच कारणीभूत.)

*

भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे दरवर्षी व्हर्नची चंद्राकडे गोळा डागणारी तोफ वर्गात काढतो. फ्लोरिडात जमिनीत ओतलेली ९०० फूट लांब तोफ, गोळ्यात तीन माणसं, वेग सेकंदाला साधारण ११ किलोमीटर. पोरांना विचारतो, आत बसलेल्यांचं काय होईल? २७५ मीटरमध्ये एवढा वेग म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या बावीसेक हजार पट धक्का. व्हर्नने धक्का झेलायला पाण्याची गादी दिली होती. वर्गात कुणीतरी नेहमी हळूच म्हणतं, “सर, चटणी.” मग मी सांगतो की फ्लोरिडा, तीन माणसं आणि परत येताना पॅसिफिकमध्ये पडणं, हे तिन्ही १९६९ मध्ये तसंच झालं आणि चंद्रावरून परतताना आर्मस्ट्राँगने व्हर्नची आठवण काढली होती. अपोलो ११ च्या यानाचं नाव कोलंबिया, व्हर्नच्या तोफेचं कोलंबियाड. वर्ग गप्प होतो. धक्क्याचं उत्तर मात्र चटणीच.

*

माझा हान्स. ‘पृथ्वीच्या पोटात’मधला आइसलँडचा वाटाड्या, पगार आठवड्याला तीन रिक्सडॉलर, दर शनिवारी संध्याकाळी रोख. पृथ्वीच्या पोटात, तराफ्यावर, वर आकाश नाही, खाली समुद्र आणि त्यात राक्षसी प्राणी, परतीची खात्री शून्य. शनिवारी सहा वाजता हान्स हात पुढे करतो. लिडेनब्रॉक नाणी मोजून देतो. खर्च कुठे करणार आहे हा माणूस? मी स्वतः वीस वर्षं रोजंदारीचे हिशेब लिहिले. हे पान वाचून जितका खूश झालो, तितका त्या राक्षसी प्राण्यांनीही केला नाही.

*

पगारावरून आठवलं. फॉगचा नोकर पासपार्तू घाईत खोलीतला गॅसचा दिवा चालू ठेवून निघतो आणि शेवटी बक्षीस वाटताना फॉग त्याच्या वाट्यातून १९२० तासांच्या गॅसचे पैसे कापून घेतो. १९२० म्हणजे ८० गुणिले २४. पण दिवा जळत होता लंडनमध्ये! २ ऑक्टोबरच्या रात्री निघाले, २० डिसेंबरच्या रात्री परतले, आल्या आल्या पासपार्तूने दिवा बंद केला. ७९ दिवस, १८९६ तास. वरच्या जहाजवाल्या दादांनी तपासून सांगावं, पण माझ्या हिशेबाने पासपार्तूचे २४ तासांचे पैसे अजून येणं आहेत.