बायसेप्स, बायसेप आणि एक संत्री

धरमपेठ: फिजिओथेरपीच्या पत्रकाचा अनुवाद करतेय. ‘डाव्या बायसेप्सवर ताण देऊ नका’ असं लिहिलं, तर मुद्रितशोधकांनी ‘बायसेपवर’ केलं. हात एकच, मग अनेकवचन कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण लॅटिनमध्ये बायसेप्स हेच एकवचन! ‘बि’ म्हणजे दोन, ‘कापुट’ म्हणजे डोकं. खांद्याकडे या स्नायूला दोन डोकी असतात, म्हणून हे नाव. शेवटचा ‘स’ इंग्रजी अनेकवचनाचा नाहीच. काय ठेवू?

महाल: तुमचंच बरोबर. ‘स्पीशीज’चंही तेच. त्यातला शेवट कापून लोक ‘स्पीशी’ करतात. इंग्रजीत त्याचा अर्थ नाणी.

सीताबर्डी: उलटंही होतं. बॅक्टेरिया अनेकवचन, एकवचन बॅक्टेरियम; पण ‘एक बॅक्टेरिया’ सगळेच म्हणतात. मीडियम आणि मीडिया ही एकाच शब्दाची दोन वचनं, हे मला कॉलेजात कळलं. आपल्याकडे मीडियम शाळेचं, मीडिया म्हणजे कॅमेरेवाले. ‘डेटा उडाला’ म्हणतो आपण, ‘डेटम’ कोण म्हणतं? मराठीत आला की शब्द मराठीचा.

महाल: रुळली म्हणून चूक शुद्ध होत नाही. एक जीवाणू, दोन जीवाणू म्हणा, भांडणच नको. बायसेप्सला द्विशिरस्क स्नायू म्हणा.

धरमपेठ: खांदा धरून आलेल्या आजींना ते कळेल का हो?

काटोल: पुण्याची मावसबहीण बाजारात ‘एक संत्री द्या’ म्हणाली. मी टोकलं, एक संत्रं, दोन संत्री. ती म्हणे, तुमच्याकडे तर संत्रा मार्केट, संत्रा बर्फी! खरंच, घरी आम्ही एक संत्रा, डझनभर संत्रे असंच म्हणतो. मग चुकलं कोण?

सीताबर्डी: ‘एक अंडी’ही ऐकलंय. बॅक्टेरियासारखंच झालं हे.

महाल: ‘संत्रा’ हिंदीच्या वळणाचा. मूळ नाव पोर्तुगालच्या सिंत्रा गावाचं.

काटोल: पटत नाही. बाबराच्या आठवणींत ‘संगतरा’ आहे. पोर्तुगीज कालिकतला आले १४९८ मध्ये, बाबर वारला १५३० मध्ये. एवढ्यात नाव उत्तरेत रुळलं?

महाल: बत्तीस वर्षं कमी नाहीत. आणि संत्रं नपुंसकलिंगीच, हे मी सोडणार नाही.

धरमपेठ: पत्रक उद्या छपाईला जातंय. बायसेप्स ठेवू ना?

काटोल: आजोबांच्या बागेच्या हिशेबवहीत ‘संत्रें’ लिहिलंय, अनुस्वारासकट. म्हणजे जुनं एकवचन. आमचं ‘संत्रे’ त्यातूनच तर आलं नसेल?