मदत हवी आहे: एमजीबी विकण्याआधी मूळ पांढऱ्या रंगात आणावी का?

आमच्याकडे १९६५ ची एमजीबी रोडस्टर (एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार) आहे, जुळे सोलापुरात, शेडमध्ये. इंजिन चालू, कागदपत्रं पूर्ण. गाडी आज लाल आहे, पण डिकीतलं कार्पेट उचललं की खाली पांढरा दिसतो. लाल रंग वडिलांनी हौसेनं १९८८ साली दिला. आरसी बुकातही लालच. आता बॉनेटवर रंग विटलाय, दाराच्या कडेला पोपडे सुटलेत.

विकायचं ठरलंय. पुण्याचे एक गृहस्थ म्हणतात, मूळ रंग नाही म्हणून कमी देईन. दादा म्हणतो, बाबांचा लाल आहे, उलट जास्तच मागायचे. मलाही तो लाल प्रिय आहे, पण आपल्या आठवणीचे पैसे दुसरा का देईल?

इथल्या पेंटरनं पत्र्यापर्यंत खरवडून रंगवायचे अडीच लाख सांगितले, वर आरटीओत रंगबदल नोंदवावा लागेल. कारखान्यातला रंग कोणता, याच्या दाखल्यासाठी इंग्लंडच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे अर्ज करतोय. इंजिन-चासी नंबर जुळतात, गंज फक्त फ्लोअरला. घाई नाही, पण रंगाला तीन लाखांवर खर्च जमणार नाही.

अशी गाडी कुणी विकली-घेतली असेल तर सांगा: रंगाचा खर्च किमतीत वसूल होतो का, की दाखला जोडून आहे तशीच लाल विकावी?