मदत हवी आहे: वेलिंग्टनमधली ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची ठिकाणं, सोबत सासूबाई आणि आठवीतली मुलगी

गारवा:

नमस्कार मंडळी,

नाताळच्या सुट्टीत न्यूझीलंडला जायचं ठरलंय. ऑकलंडला उतरून पुढे वेलिंग्टन. तिथे तीन-चार दिवस मिळतील. मुलीला या सिनेमांनी पार झपाटलंय. त्यातल्या मध्य-पृथ्वी या काल्पनिक जगाचे नकाशे वहीत काढते, कुठला राजा कुणाचा मुलगा हे तिला तोंडपाठ असतं. मलाही हा विषय तितकाच जवळचा आहे. सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. तब्येत उत्तम, सपाटीवर आरामात चालतात, पण गुडघ्यांमुळे चढ-उतार आणि पायऱ्या जमत नाहीत. आणि हे शहर म्हणजे बंदर खाली आणि घरं सगळी टेकड्यांवर!

वाचून असं कळलं की चित्रीकरण संपल्यावर सेट काढून टाकले. मग तिथे नेमकं काय दिसतं? लेक एवढी आस लावून बसली आहे, तिचा हिरमोड व्हायला नको. हॉबिटांचं, म्हणजे सिनेमातल्या त्या बुटक्या लोकांचं गाव वेलिंग्टनहून एका दिवसात होईल का? गाडी भाड्याने घ्यावी की ट्रेन-बसने भागेल? आईंना कंटाळा येऊ नये म्हणून आणखी काय बघावं? त्या पूर्ण शाकाहारी आहेत, सोबत थोडा फराळ न्यायचा विचार आहे.

समुद्रकाठी:

गारवा, मी वेलिंग्टनलाच राहते. पाहुण्यांना ही ठिकाणं बऱ्याचदा दाखवली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

हॉबिटांचं गाव मटामाटाला आहे, वेलिंग्टनहून गाडीने सहा तासांच्या आसपास. एका दिवसात जाऊन-येऊन अजिबात करू नका. ऑकलंडहून ते दोनेक तासांवर आहे, तेव्हा उतरल्यावर आधी तेच उरका. बिळांसारखी ती घरं अजून जागेवर आहेत. तिकीट आत्ताच काढा, सुट्टीत जागा मिळत नाही.

शहरातलं सर्वांत जवळचं ठिकाण माउंट व्हिक्टोरिया, उंची १९६ मीटर. काळा घोडेस्वार येतो आणि चौघे हॉबिट रस्त्याखाली दडतात, तो प्रसंग इथल्या झाडीत चित्रित झाला. सेटचं काही उरलेलं नाही. पाइनची झाडं, उतार आणि मातीची पायवाट, एवढंच आहे. पण पोरीला सांगा, त्या प्रसंगाचं चित्र फोनमध्ये घेऊन जा आणि कॅमेरा कुठे ठेवला असेल ते शोध. माझ्या भाचरांनी या एका कामात अख्खी सकाळ घालवली, त्यांना हलवणं अवघड झालं होतं. पायवाटेवर मुळं वर आलेली आहेत, तिथे आईंना नेऊ नका. त्यांच्यासाठी माथ्यापर्यंत गाडी जाते. अगदी वरच्या कठड्याला पायऱ्या आहेत, पण वाहनतळाजवळूनही बंदर छान दिसतं.

रिव्हेंडेल, म्हणजे सिनेमातल्या एल्फ या जमातीचं ठिकाण, चित्रित झालं ते कैटोके रीजनल पार्कमध्ये, शहरापासून साधारण ४५ किलोमीटर. माझ्या मते या सगळ्यात सर्वांत मोलाची जागा हीच. एल्फांच्या महालाची एक कमान पुन्हा बांधून उभी केली आहे. पण खरी मजा त्या रानाची: मोठमोठी झाडं, नेचे, खाली हट नदीचं स्वच्छ पाणी. वेलिंग्टनच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा याच नदीतून उचलतात. वाहनतळापासून कमानीपर्यंतचं अंतर थोडकं आणि सोपं आहे, आईंना सहज जमेल. डबा घेऊन जा.

वाटेत अप्पर हटमधलं हारकोर्ट पार्क. आयझेनगार्ड या जादूगाराच्या गडाची बाग इथली. लोक मुलांना खेळवायला आणतात तसलं साधं, सपाट उद्यान आहे. आणि महामार्ग २ वरून जाताना ड्राय क्रीकची दगडखाण दिसेल. सिनेमातला हेल्म्स डीप किल्ला आणि मिनास तिरिथ शहर, दोन्हींचे प्रचंड सेट तिथे उभे होते. खाण चालू असल्याने आत सोडत नाहीत, गाडीतूनच बघायचं.

वेटा वर्कशॉप, म्हणजे सिनेमासाठी वस्तू घडवणारी कार्यशाळा, शहराच्या मिरामार भागात आहे. तलवारी, चिलखतं, राक्षसांचे मुखवटे तिथेच घडले. बाहेर दगडी ट्रोल (सिनेमातले अवाढव्य राक्षस) उभे आहेत, दुकानात शिरायला पैसे पडत नाहीत. आतल्या मार्गदर्शित सहलीला तिकीट आहे, तेही आधी काढा. हातांनी वस्तू कशी घडते हे जवळून कळतं, मुलीसाठी ते चुकवू नका.

रानवाट:

आईंसाठी दोन गोष्टी सुचवतो. एक, केबल कार. १९०२ पासून चालू आहे, ‘लॅम्टन की’ या खालच्या रस्त्यावरून टेकडीवरच्या केलबर्नला पाचेक मिनिटांत पोचवते. वरून बोटॅनिक गार्डनमधून चालत खाली या असं बरेच जण सुचवतील. तसं करू नका, उतरणीनेच गुडघे जास्त धरतात. केबल कारनेच परत या. दुसरी, बंदरालगतचं ‘ते पापा’ नावाचं राष्ट्रीय संग्रहालय. लिफ्ट आहे, बसायला जागा आहे. परदेशी प्रौढांना २०२४ पासून ३५ डॉलर तिकीट लागतं, पण माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या दालनासाठीच ते वसूल होतं.

फराळाबद्दल: देशात शिरताना भरायच्या अर्जावर खाण्याचा प्रत्येक पदार्थ जाहीर करा, मसाल्याची पुडीसुद्धा. लपवलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. तूप-खव्याचे लाडू, बर्फी आणूच नका, दुधाच्या पदार्थांवर बंधनं आहेत. ट्रेकचे बूटही जाहीर करायचे आणि तळाची माती घरीच धुऊन काढायची.

गारवा:

दोघांचेही मनापासून आभार! मटामाटा आधी करतो. कैटोकेला ट्रेनने जाता येणार नाही का? नवऱ्याला परदेशात गाडी चालवायची सवय नाही.

समुद्रकाठी:

लोकल ट्रेन अप्पर हटपर्यंतच आहे, पुढे पार्कला सार्वजनिक वाहन नाही. एक दिवस गाडी घ्याच. आपल्यासारखीच डावीकडून चालवायची आहे आणि इंग्रजीत छापलेला भारतीय परवाना चालतो. शहरात मात्र बस वापरा. टेकडीवरच्या गल्ल्या अरुंद असतात, दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात, नवख्याला त्याचा ताण येतो. मिरामारला दोन नंबरची बस जाते.

२५ डिसेंबरला जवळपास सगळं बंद असतं, त्या दिवसाचं खाणं आदल्या दिवशी आणून ठेवा. उन्हाळा असला तरी कुकच्या सामुद्रधुनीवरून वारा घोंगावत येतो. छत्री टिकत नाही, टोपीवालं जाकीट हवं, आणि आईंना कानटोपी. कैटोकेचा दिवस आधी ठरवून टाकू नका. आल्यावर हवामान बघा आणि वारा पडलेला दिवस त्यासाठी राखा.